हॉर्टिकल्चरची भाजी: फोंड्यातल्या एका डबेवालीचा अभिप्राय

आधी निकाल सांगते, मग कारणं. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे गावोगावी जे भाजीचे गाळे आहेत, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'हॉर्टिकल्चर' म्हणतो, ते घरच्या स्वयंपाकासाठी चांगले आहेत. कांदा, बटाटा, टोमॅटो, कोबी, गाजर, मिरची हे जिन्नस तिथूनच घ्यावेत. तांबडी भाजी (तांबडा माठ), वांगी, लांब भेंडी, वाल हे मात्र बाजारात बसणाऱ्या बायांकडून घ्यावेत. पाचांपैकी चार तारे देते. पाचवा का राखला ते पुढे येईलच.

मी फोंड्यात दुपारचे डबे देते, शिवराक, म्हणजे शाकाहारी. बँकेत बदली होऊन आलेली मुलं, एकटे राहणारे औषध कंपन्यांतले नोकरदार, स्वयंपाक झेपेनासा झालेली दोनतीन वयस्क जोडपी, असे माझे लोक. त्याआधी बरीच वर्षं उच्च माध्यमिकला अर्थशास्त्र शिकवत होते. पंचवार्षिक योजना, मिश्र अर्थव्यवस्था, किंमत यंत्रणा हे धडे मुलांकडून घोकून घेतले. आता सकाळी पिशव्या घेऊन बाहेर पडते तेव्हा तेच धडे काट्यावर तोलले जाताना दिसतात. म्हणून हा अभिप्राय थोडा लांबणार आहे. भाजी ताजी होती, सेवा छान होती, एवढ्यावर मला थांबता येत नाही.

माझा एक नेम आहे. डब्यांची भाजी मी फोंड्याच्या बाजारातून, बुधवारपेठेतून, घाऊक आणते आणि घरची हॉर्टिकल्चरमधून. गाळ्यावरच्या रोजच्या भाज्यांवर राज्य सरकारचं अनुदान असतं. ते घरोघरच्या ताटासाठी आहे, माझ्या धंद्याच्या नफ्यासाठी नाही, असं मी मानते. कोणी विचारत नाही, कोणी अडवत नाही, तरी हा नेम मी मोडत नाही. त्याचा एक फायदा असा की रोज सकाळी दोन्हीकडचे भाव माझ्या हातात असतात, पावतीसकट.

गाळा म्हणजे रस्त्याकडेची एक छोटी खोली. पुढे क्रेट मांडलेले, आत इलेक्ट्रॉनिक काटा, बाजूला भावांचा फळा. मी जाते त्या गाळ्यावरची बाय सकाळी लवकर माल उतरवून घेते आणि मला बघितलं की म्हणते, "टीचर, आयज कांदो बरो आयला." तिनं बरा म्हटला की तो बरा असतोच. निवडून घेऊ देते, घाई करत नाही, टोमॅटो पिशवीत सगळ्यांत वर ठेवते. ही बाय सरकारी नोकर नाही. ती महामंडळाची एजंट आहे, विक्रीवर कमिशन घेते. भाव महामंडळाचा, मेहनत तिची. गाळा नीट चालण्यामागचं निम्मं कारण मला इथंच दिसतं. तिला पगार ठरलेला असता तर दुपारच्या उन्हात कोबीवर ओलं पोतं टाकायला ती धावली असती का, हा प्रश्न मी वर्गात विचारला असता.

माल मुख्यतः बेळगावहून येतो. घाट उतरून गाड्या येतात आणि राज्यभरच्या गाळ्यांवर भाजी वाटली जाते. साध्या दिवसांत बाजाराच्या मानानं किलोमागं आठदहा रुपये वाचतात. चारपाच माणसांच्या घराला महिन्याच्या हिशेबात हे कळतं. पण खरी गोष्ट साध्या दिवसांची नाही, अडचणीच्या दिवसांची आहे.

श्रावण लागला की गोव्यात अर्धी घरं मासळी सोडतात. भाजीची मागणी एकदम चढते, पाऊस चालूच असतो, घाटात कधी दरड येते, आणि लगेच चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, उभी राहते. खतखत्याला, म्हणजे सणाच्या मिसळ भाजीला, भाज्या किती लागतात ते गोव्यातल्या बाईला सांगायला नको. अशाच एका चवथीच्या आधी मी एका घाऊक व्यापाऱ्याकडे कांद्याचं पोतं घ्यायला गेले. सकाळी त्यानं एक भाव सांगितला. मी बँकेत जाऊन परत आले तर भाव वाढलेला. ट्रक घाटात अडकलाय, म्हणाला. पोती तर त्याच्या पाठीमागं रचलेली मला दिसत होती, ती त्या ट्रकमधून आलेली नव्हती. मी काही बोलले नाही, नुसती उभी राहिले. तेवढ्यात त्यानं आपल्या पोऱ्याला विचारलं, "हॉर्टिकल्चरचा कांदो कितलो?" पोऱ्यानं आकडा सांगितला. व्यापाऱ्याचा भाव तिथल्या तिथं थोडा खाली आला.

त्या एका प्रश्नासाठी मी गाळ्यांना चार तारे देते. मी त्या दिवशी गाळ्यावरून कांदा घेतलाच नव्हता. तरीही गाळ्यानं माझे पैसे वाचवले. सरकारनं व्यापाऱ्याला दम दिला नाही, त्याच्या दुकानावर धाड घातली नाही, त्याचा भाव कागदावर बांधून दिला नाही. शेजारी एक दुसरं दुकान उघडलं, एवढंच केलं. गिऱ्हाइकाला जायला दुसरी जागा आहे हे व्यापाऱ्याला ठाऊक असलं की तो स्वतःच सरळ होतो.

शिकवत असताना मुलं नेहमी विचारायची की सरकारनं बाजारात पडावं की नाही. पाठ्यपुस्तकात उत्तर असायचं: मिश्र अर्थव्यवस्था. मुलं ते लिहायची आणि गुण मिळवायची. पण पडायचं तर कसं पडायचं, हा त्यातला खरा प्रश्न, आणि तो परीक्षेत येत नसे. भांडवलशाहीत सरकारनं हात बांधून बसावं असं सगळेच भांडवलदार म्हणत आले, असंही नाही. १९४४ साली जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास अशा उद्योगपतींनी एकत्र बसून स्वतंत्र होणाऱ्या देशासाठी विकासाची योजना मांडली. ती मुंबई योजना म्हणून ओळखली जाते. तिच्यात सरकारनं मोठी गुंतवणूक करावी, अर्थव्यवस्थेला दिशा द्यावी अशीच अपेक्षा होती. युद्धानंतर फ्रान्सनं १९४६ मध्ये जाँ मोने यांच्या नेतृत्वाखाली नियोजन मंडळ उभारलं. दक्षिण कोरियानं १९६२ पासून पंचवार्षिक योजना राबवल्या. या दोन्ही देशांत कारखाने मुख्यतः खासगी हातातच राहिले.

दुसऱ्या टोकाला सोव्हिएत रशिया. तिथं १९२१ मध्ये गोसप्लान हे नियोजन मंडळ आलं आणि पुढे कोणता माल किती निघावा, तो कोणाला जावा हे ते ठरवू लागलं. दुकानातले भावही सरकारच ठरवी. ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ हायेक यांनी १९४५ च्या एका लेखात याच्यावर नेमकं बोट ठेवलं. कुठे काय कमी पडलं, कुठे काय उरलं, ही माहिती हजारो माणसांच्या डोक्यात विखुरलेली असते, ती एका कचेरीत गोळा होऊ शकत नाही, आणि भाव हाच ती माहिती एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणारा निरोप्या आहे, असं त्यांचं म्हणणं. बुधवारपेठेत उभं राहिलं की हे पटतं. बेळगावकडं पाऊस जास्त झाला हे मला पेपर उघडण्याआधी कोथिंबिरीच्या जुडीवरून कळतं.

आता कोणी म्हणेल, मग हॉर्टिकल्चरचा बांधलेला भाव म्हणजे तीच सोव्हिएत चूक झाली. मी तसं मानत नाही, आणि त्यासाठी माझी एक साधी परीक्षा आहे. सकाळी अकरा वाजता गाळ्यावर जावं. फळ्यावर लिहिलेली भाजी क्रेटमध्येही असेल तर तो भाव खरा. फळ्यावर स्वस्ताई आणि क्रेट रिकामा, तर तो भाव खोटा. सोव्हिएत दुकानांत नेमकं हेच व्हायचं. १ जून १९६२ रोजी तिथल्या सरकारनं मांस आणि लोण्याचे भाव एकदम वाढवले. नोव्होचेर्कास्क शहरात कामगार रस्त्यावर उतरले, त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर मांसाच्या सरकारी भावाला हात लावायचं धाडस कित्येक वर्षं कोणी केलं नाही. पैदाशीचा खर्च वाढत गेला, भाव तोच राहिला, अनुदान फुगलं आणि दुकानांपुढच्या रांगा लांबल्या. त्याच शहरांत कोल्खोझ (सामूहिक शेती) बाजारही असत, १९३२ पासून सरकारमान्य. तिथं शेतकरी आपल्या परसातला माल सुट्या भावानं विकायचे. तिथं माल असायचा, पण महाग. म्हणजे एका दुकानात भाव होता, माल नव्हता. दुसऱ्यात माल होता, भाव परवडत नव्हता.

आमच्या गाळ्यावर अकरा वाजताही बहुतेक वेळा कांदा, बटाटा, टोमॅटो असतोच. कारण महामंडळ बेळगावला बाजारभावानंच खरेदी करतं. तिथला शेतकरी आणि अडत्या यांच्यावर गोव्याच्या सरकारची सक्ती चालत नाही, चालणारही नाही. २०२३ च्या जुलैत टोमॅटो देशभर शंभरीपार गेला तेव्हा गाळ्यावरचा भावही चढला. पुष्कळ लोक चिडले, सरकारी असून महाग कसं म्हणून. मला ते योग्य वाटलं. टोमॅटो खरोखरच कमी होता, तेव्हा आम्हीही आमटीत कमी घालायला हवा होता. चढलेला भाव मला हे सांगत होता. भाव थोडा सौम्य करावा, पण त्याचं तोंड बंद करू नये, एवढं पथ्य गाळा पाळतो.

कांद्याच्या बाबतीत हे पथ्य किती महत्त्वाचं आहे ते नाशिककडच्या वाचकांना माझ्याहून जास्त ठाऊक असेल. उन्हाळी कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो, चाळीत साठवतात, आणि खरिपाचा नवा कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येईपर्यंत तोच देशाला पुरवायचा असतो. अधल्यामधल्या महिन्यांत भाव चढतो. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. लासलगावसह नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली, ती ४ मे २०२४ ला उठली. हेतू तोच होता जो आमच्या गाळ्याचा आहे: गिऱ्हाइकाला कांदा स्वस्त मिळावा. माझ्या डब्यांना त्या हिवाळ्यात कांदा स्वस्त पडलाही. पण त्या स्वस्ताईचे पैसे कोणी दिले? येवल्याच्या, निफाडच्या, चांदवडच्या शेतकऱ्यानं दिले. त्याला कोणी विचारलं नाही. कुठल्या अर्थसंकल्पात तो खर्च लिहिला गेला नाही, कुठल्या सभागृहात त्यावर मतदान झालं नाही.

गाळ्यावरचे आठदहा रुपये मात्र गोवा सरकारच्या तिजोरीतून जातात. विधानसभेत मागण्यांवर चर्चा होते, विरोधी आमदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात, पेपरात छापून येतं. ज्याला आवडत नाही तो म्हणू शकतो की हे पैसे रस्त्यांना द्या. मला सरकारची मदत अशी उजेडातली हवी. गिऱ्हाइकाला द्यायचं आहे ना, मग सगळ्यांच्या करातून, सगळ्यांना दिसेल असं द्या. एका जिल्ह्यातल्या कांदेवाल्याच्या खिशातून गुपचूप काढून मला देऊ नका. तो कांदा चिरताना मला बरं वाटत नव्हतं, हे मी मनापासून सांगते.

अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांचा इथं उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. पुण्याची गोखले संस्था त्यांनी उभी केली, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याला हात दिला आणि १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पण मला त्यांचं आठवतं ते १९४७ चं काम. युद्धकाळापासून धान्यावर नियंत्रण आणि रेशन होतं. सनदी अधिकारी ए. डी. गोरवाला आणि गाडगीळ यांच्या किंमत मंडळाचं मत होतं की नियंत्रणं राहू द्यावीत, किमतींचं धोरण एकत्रित असावं. दुसऱ्या बाजूला गांधीजी नियंत्रणं उठवा म्हणत होते, काळाबाजार आणि भ्रष्टाचार त्यातूनच वाढतो असा त्यांचा आग्रह होता. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रणं उठली, भाव भडकले, आणि १९४८ मध्ये ती परत आणावी लागली. दोन्ही बाजूंकडे खरी गोष्ट होती. नियंत्रणानं माल दडतो हे खरं. आणि मालच कमी असताना सगळं मोकळं सोडलं तर गरिबाच्या ताटातून आधी धान्य जातं, हेही खरं. या दोन्हींच्या मधली वाट मला गाळ्यात दिसते: बाजार मोकळा ठेवा, पण गरिबाला त्याच्या भरवशावर एकटं सोडू नका.

गोव्याला हे मधलं दुकान इतरांपेक्षा जास्त का लागतं? कारण आम्ही भाजीसाठी फार पूर्वीपासून घाटाकडे बघतो. माझ्या सासूबाई पोर्तुगीज काळातल्या. १९५५ च्या सुमाराला भारत सरकारनं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली आणि घाटावरून येणारा माल थांबला. त्या सांगायच्या, बटाटा बोटीतून यायचा, हॉलंडचा. तांदूळ पाकिस्तानातून आला, सिमेंट जपानहून. एका छोट्या वसाहतीला भाजी पुरवायला पोर्तुगालनं अर्धं जग धुंडाळलं, आणि इकडे बेळगाव हाताच्या अंतरावर होतं. मुक्तीनंतर घाट मोकळा झाला आणि आमचं परावलंबित्व सोयीचं झालं, एवढाच बदल. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गोव्यात पहिले काही दिवस किराणा दुकानंसुद्धा बंद होती. शेजाऱ्यांकडे कांदा आहे का असं विचारत आम्ही फिरलो. त्या दिवसांत डबे बंद ठेवावे लागले. वयस्क जोडप्यांना मी घरातल्या कुळथाची कढी आणि पेज पोचवली. मग गाळे उघडले, भाजीच्या गाड्या सीमेवरून येऊ लागल्या आणि लोकांचा जीव भांड्यात पडला. गावोगावी आधीच उभी असलेली दुकानं, ओळखीची माणसं, ठरलेला पुरवठा. हे सगळं संकट आल्यावर आठ दिवसांत उभारता येत नाही. सगळं सुरळीत असतानाच ते चालू ठेवावं लागतं, आणि सुरळीत असताना ते फुकट खर्चाचं वाटतं.

आता पाचवा तारा.

गोव्यात भाजी पिकत नाही असं नाही. पावसाळी भात कापलं की वायंगणात, म्हणजे हिवाळी हंगामात, खाजनांच्या (बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या) कडेला, मळ्यांत, परसात भाजी होते. आगशीचं वांगं, ताळगावचं वांगं, सात शिरांची भेंडी, तांबडी भाजी, मुळा, चवळीच्या शेंगा. मडकई-कुंडईकडच्या बाया ही भाजी पाट्यांत घेऊन येतात, रस्त्याच्या कडेला गोणपाटावर मांडतात. त्यांचा भाव बेळगावच्या भाजीपेक्षा जास्त असतो, आणि असायलाच हवा. इथं मजुरी जास्त, जमिनीचे तुकडे छोटे, निम्म्या कुळागरांना (नारळ-सुपारीच्या बागांना) वारस आहेत पण कसणारे हात नाहीत. अशा बाईच्या पाटीपासून थोड्या अंतरावर सरकारी अनुदानाची घाटावरची भाजी मिळू लागली तर गिऱ्हाईक कुठे जाईल? तिच्या मुलीनं मळा का राखावा?

महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांकडूनही भाजी विकत घेतं, तशी योजना आहे. भात, नारळ, काजूला राज्याची आधारभूत किंमतही आहे. नारळ महागले तेव्हा चवथीच्या तोंडावर गाळ्यांतून सवलतीचे नारळही विकले गेले. इच्छा आहे, हे मी मान्य करते. पण फळ्याकडे बघितलं की बेळगावच्या भाजीचं वजन कळतं आणि गोव्याच्या भाजीचं कळत नाही. गाळ्यावर 'गांवठी' म्हणून वेगळा क्रेट असावा, त्याचा भाव वेगळा असावा, आणि अनुदानातला मोठा वाटा त्या क्रेटला जावा. बेळगावच्या कांद्याला किलोमागं जेवढं देता त्यातलं थोडं काढून मडकईच्या भेंडीला द्या. कांदा आम्हाला इथं पुरेसा पिकवता येत नाही, तो येऊ द्या. भेंडी पिकवता येते, तिला जगू द्या.

सरकारनं शेतीत हात घातला आणि जमलं नाही, असं उदाहरणही आमच्या जवळच आहे. धारबांदोड्याचा संजीवनी सहकारी साखर कारखाना. आमच्या बाजूच्या कितीतरी शेतकऱ्यांनी त्याच्या भरवशावर ऊस लावला. २०१९-२० पासून तिथं गाळप झालेलं नाही, आणि ऊसवाल्यांना सरकारकडून आर्थिक मदत घेऊन दिवस काढावे लागले. एका कारखान्याच्या भोवती अख्खा तालुका बांधला आणि त्याला दुसरं गिऱ्हाईक ठेवलं नाही, की असं होतं. खरेदी करणारा एकच आणि तोही बंद पडला, तर मोकळ्या बाजारापेक्षा ते वाईट. म्हणून स्थानिक भाजीचीही सगळी खरेदी महामंडळानंच करावी असं मी म्हणणार नाही. मडकईच्या बाईला तिची पाटी पण हवी आणि गाळ्यावरचा क्रेट पण हवा. तिला विकायला दोन जागा हव्यात, जशा मला घ्यायला दोन जागा मिळाल्या.

आणखी एक. गाळ्यावरून हॉटेलांसाठी, खानावळींसाठी पोत्यांनी भाजी उचलणं बरोबर नाही. माझ्यासारखा धंदा करणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगते. पर्यटकाच्या ताटातल्या सॅलडचा टोमॅटो गोव्याच्या करदात्यानं स्वस्त का करून द्यावा? याला ओळखपत्राची, अंगठ्याची, ॲपची भानगड आणू नये, कारण मग म्हाताऱ्या माणसांचीच रांग लागेल. एका माणसाला एका वेळी घरापुरती भाजी, एवढा नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि एजंट बायांना तो पाळायचा अधिकार दिला तरी पुष्कळ होईल. आमच्या गाळ्यावरची बाय पोतं मागणाऱ्याला सरळ नाही म्हणते, हे मी पाहिलंय.

गाळ्यावर जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सकाळी नऊच्या आत गेलात तर कोथिंबीर आणि मिरची ताजी मिळते. सोमवारी गर्दी असते, कारण त्या दिवशी बरीच घरं शिवराक. सुटे पैसे न्या, पिशवी न्या. बटाटा दाबून बघा. कांदा पावसात जास्त घेऊन ठेवू नका, इथल्या दमट हवेत तो टिकत नाही. फळ्यावरचा भाव आणि काट्यावरचा हिशेब जुळतो का तेवढं बघा. आणि गाळ्यावरून निघालात की वाटेत पाटी घेऊन बसलेल्या बाईकडून तांबड्या भाजीची एक जुडी घ्या. दोनचार रुपयांची घासाघीस तिच्याशी करू नका.

फळ्यावर आज दोन रकाने आहेत, भाजीचं नाव आणि भाव. मला तिथं तिसरा हवा: ही भाजी महामंडळाला किती रुपयांना पडली. मग गिऱ्हाइकाला आपोआप कळेल की कांद्यावर आज सरकारनं किती घातले. ज्या दिवशी तो आकडा फार फुगेल त्या दिवशी लोक विचारतील, आणि ज्या दिवशी तो शून्यावर येईल त्या दिवशीही विचारतील. हा अभिप्राय मी करंझाळ्यातल्या टोंक इथल्या महामंडळाच्या कचेरीला पाठवणार आहे, सोबत माझ्या दोन्हीकडच्या पावत्या जोडून. इतर तालुक्यांतल्या वाचकांनी आपापल्या गाळ्याचे आणि बाजाराचे भाव लिहून ठेवले, तर तेही जोडीन.